जुन्या फोटोंची मोबाईलवर कॉपी काढून झाली, आता मूळ फोटो आणि निगेटिव्ह टाकून दिले तर चालतील का?

आजी-आजोबांच्या काळचे सगळे दोनशे फोटो मोबाईलवर काढून झालेत, फ्लॅटमध्ये जागा नाही, तेव्हा फोटो, फ्रेमा आणि निगेटिव्हची पाकिटं रद्दीत द्यावीत का, असं तुम्ही विचारलंय. फ्रेमा खुशाल द्या. बाकीच्याला हात लावू नका.

माझ्या टेबलावर आत्ता एक फ्रेम पडलीय, तिच्यावरूनच सांगतो. एका बाईचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो. काचेवर कपाळाच्या जागी कुंकवाचा थर, खाली उदबत्तीची काजळी. फ्रेम पश्चिमेच्या भिंतीवर होती आणि पावसाळ्यात ती भिंत पाझरते. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओल पिऊन फुगतो आणि काचेला धरतो. फ्रेम तिरकी धरली की कळतं: चिकटलेला भाग ओला असल्यासारखा गडद दिसतो, सुटा भाग फिका. इथेच लोक माती खातात. हेअर ड्रायर मारून किंवा मागून ब्लेड सारून ओढतात. कागद हातात येतो, चेहरा काचेवर राहतो.

म्हणून फ्रेम उघडायच्या आधी काचेतूनच कॉपी काढायची. फडकं ओलं करून घट्ट पिळायचं आणि त्याने काच पुसायची. काचेवर थेट पाणी मारलं तर ते कडेने आत शिरतं. फ्रेम खिडकीजवळ अशी ठेवायची की उजेड एका बाजूने, साधारण ४५ अंशांतून येईल. ऊन नको, फ्लॅश नको, खोलीतली ट्यूब बंद. काचेत तुमचा शर्ट दिसतोच, त्यासाठी काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडून ते मोबाईलपुढे धरायचं. जवळ जाऊन साध्या लेन्सने काढलात तर फोटोच्या कडा फुगतात. थोडं मागे सरकून दोन पट झूमवर काढा. मोबाईल फोटोला समांतर, टायमर २ सेकंदांचा, ब्युटी मोड बंद.

मग फ्रेम उलटी करून गंजलेले खिळे पकडीने वाकवायचे, तपकिरी कागद कापायचा आणि पुठ्ठा उचलायच्या आधी पाठीचाही फोटो काढायचा. स्टुडिओचा शिक्का, शाईने लिहिलेलं नाव, कधी तिथी, हे सगळं तिथेच असतं. तुमच्या दोनशे कॉप्यांत किती पाठी आहेत? फोटो काचेला धरलेलाच असेल तर सोडवू नका. काचेसकट ठेवा, मागे आम्लरहित पुठ्ठा द्या आणि काच खाली करून आडवा ठेवा. पाण्यात भिजवून सोडवतात हे खरं, पण घरी नको, आणि गालाला, ओठांना, साडीच्या काठाला हाताने रंग भरलेला असेल तर मुळीच नको.

या फ्रेममधल्या बाईच्या डाव्या खांद्यावर तीन बोटं आहेत. कुणाची ते दिसत नाही, नुसती बोटं. मागची भिंत ब्रशने रंगवून काढलेली. म्हणजे हा फोटो एकटीचा नव्हेच. लग्नाच्या ग्रुप फोटोतून स्टुडिओवाल्याने ही बाई उचलली, शेजारची व्यक्ती रंगाखाली घातली, खांद्यावरची बोटं तेवढी राहिली. माणूस गेल्यावर भिंतीवर लावायला वेगळा फोटो नसायचा, तेव्हा हे सर्रास होत असे. मूळ ग्रुप फोटो कुठल्यातरी ट्रंकेत सापडतो तो या बोटांच्या खुणेवरूनच.

आमच्या घरातला वाद इथेच अडलाय. चुलत भावाने याच फोटोची मोबाईलवरची कॉपी एका अ‍ॅपमधून ‘साफ’ करून घेतली. बोटं गेली. डोळे पाणीदार झाले, पापण्या आल्या. सगळ्यांना आवडला. अरे, अ‍ॅपने काढलेली ती बाई आपली नाहीच! ग्रुप फोटोत चेहरा जेमतेम ४ मिलिमीटरचा असतो. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केलात तर त्याचे साधारण ९४ पिक्सेल होतात. त्यात पापणी मावतच नाही. अ‍ॅप ती दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्यांवरून आणतं. डाग काढा, ओरखडे भरा, पण डोळे-नाक-ओठ सोडून, आणि साफ न केलेली कॉपी वेगळी ठेवून. नुसता कागद का जपायचा, असं तो विचारतो. पुढे कुणाला शंका आली तर पडताळायला तोच एक उरतो, म्हणून!

निगेटिव्ह तर प्रिंटच्याही आधी जपा. अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात १२० नंबरच्या फिल्म रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो निघत. पांढऱ्या साडीच्या चुण्या प्रिंटमध्ये उडालेल्या असतात, निगेटिव्हमध्ये बहुधा शाबूत असतात. टॅबवर कोरा पांढरा पडदा लावा, काडेपेट्या ठेवून त्यांवर काच आणि काचेवर निगेटिव्ह, म्हणजे पडद्याचे ठिपके दिसत नाहीत. चकचकीत बाजू तुमच्याकडे आली की फोटो सुलटा येतो. काढून झाल्यावर मोबाईलवरच्या फोटोचे रंग उलटे (इन्व्हर्ट) करा. पाकिटाला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्म कुजतेय. ते पाकीट इतरांपासून लांब ठेवून त्याची कॉपी आधी काढा.

नातेवाइकांना फाईल पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबून लहान होते. फोटोमागे नावं लिहायला मऊ पेन्सिल. बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. लॅमिनेशन कधीही नको, ते परत निघत नाही. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो काढताना दात साफ करायचा दोरा मागून करवतीसारखा सरकवा.

एक राहिलंच. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो लालसर पडलेले दिसतील. त्यांतला निळसर रंग अंधाऱ्या कपाटातही उडत राहतो, तेव्हा तुमच्या ढिगात ते असतील तर त्यांची नीट कॉपी सगळ्यांत आधी. आणि एकाच फोटोच्या चार प्रती असतील, तर चांगली एक ठेवून बाकीच्या भावंडांत वाटा. सगळंच साठवा असं माझं म्हणणं नाही.

जागेचं म्हणाल तर फ्रेमा आणि अल्बम गेले की उरतं काय? पोस्टकार्ड साइजचे दोनशे फोटो एकावर एक रचले तर पाचेक सेंटिमीटर उंची होते, म्हणजे बुटांचं एक खोकंही भरत नाही. कागदी पाकिटांत घालून, सोबत सिलिका जेलची पुडी टाकून आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. माळ्यावर नको. पुडीचे निळे दाणे गुलाबी झाले की बदला.