रात्रपाळी, अपुरी झोप आणि घरातला अबोला

प्रश्न : माझे पती अक्कलकोट रोडवरील यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी असते. रात्रपाळी करून आल्यावर पत्र्याच्या खोलीत ते जेमतेम तीन-चार तास झोपतात. गेल्या चार महिन्यांत ते क्षुल्लक कारणावरून मुलांवर खेकसतात, नाहीतर भिंतीकडे पाहत बसून राहतात. सासूबाई म्हणतात, मन खंबीर केले की झोप आपोआप येईल. हे खरे आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, मन अस्वस्थ असले की झोप उडते, हे सासूबाईंचे म्हणणे खोटे नाही, परंतु झोप महिनोन्‌महिने मोडत राहिली की चांगले खंबीर मनही चिडके आणि उदास होते, ही दुसरी बाजू आपल्याकडे फारशी लक्षात घेतली जात नाही. राग आवरण्याचे काम मेंदूच्या ज्या भागाकडे असते, त्याची पकड अपुऱ्या झोपेने सैल होते. त्यामुळे मुलांवरचे ते खेकसणे हा त्यांचा स्वभाव समजू नका.

शरीराचे घड्याळ उजेडावर चालते. सकाळी उन्हातून घरी येताना ‘आता जागे राहा’ असाच निरोप मेंदूला मिळतो. त्यातच झोप लागण्यासाठी शरीराचे तापमान थोडे उतरावे लागते, आणि सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली ते उतरणार कसे? म्हणून आधी खोलीकडे पाहा. आपली जाड सोलापुरी चादर खिडकीवर दुहेरी टांगली तरी पुष्कळ अंधार होतो. शेजारी सोय असेल तर स्लॅबच्या घरातील खोली त्या आठवड्यापुरती मागण्यात संकोच नको. पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळावा, कारण त्यातील कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात उरतो. दिवसा झोप पुरी होत नसेल, तर कामावर निघण्यापूर्वी तासभर पुन्हा पडावे. त्या वेळी मुलांना बाहेर खेळायला पाठवणे आणि दारावरची कडी कुणी वाजवणार नाही हे पाहणे, एवढे घरच्यांनी करायचे आहे. औषधांच्या दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या मात्र आणू नयेत, त्यांची सवय लागते.

मला अधिक काळजी वाटते ती त्यांच्या गप्प बसण्याची. उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज टिकले, आणि दिवसपाळीच्या आठवड्यातही पहाटे तीन-चारलाच जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात त्यांना घेऊन जा. जाताना दोन आठवडे ते कधी झोपले, कधी उठले, घोरतात का, हे वहीत लिहून न्या. ते यायला तयार नसतील, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर, जो रात्रंदिवस चालू असतो, आधी तुम्ही मराठीतूनच बोला. ‘जगण्यात अर्थ नाही’ असे काही त्यांच्या तोंडून निघाले, तर वही पूर्ण होण्याची वाट पाहू नका, त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा.