‘आय विश’नंतर भूतकाळ का येतो?

तुमचा प्रश्न असा : ‘आय विश आय नो हिज नंबर’ हे चूक आणि ‘आय विश आय न्यू हिज नंबर’ हे बरोबर, असं का? नंबर तर आत्ता हवा आहे, मग क्रियापद भूतकाळी कशाला?

गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा शब्दकोशातल्या अर्थात असतं. ‘विश’ म्हणजे ‘इच्छा’ असं आपण पाठ करतो. पण या रचनेत ‘विश’चा खरा मराठी जोडीदार आहे ‘असतं तर बरं झालं असतं’. ‘मला त्याचा नंबर माहीत असता तर बरं झालं असतं.’ इथे मराठीतही आपण ‘माहीत आहे’ म्हणत नाही, ‘असता’ म्हणतो. गोष्ट प्रत्यक्षात नाही, हे ‘असता’ सांगतो. इंग्रजीत तेच काम भूतकाळी रूप करतं. ‘न्यू’ इथे गेलेला काळ दाखवत नाही, वास्तवापासूनचं अंतर दाखवतो.

खरी अडचण पुढे आहे. ‘तो इथे असता तर बरं झालं असतं’ हे मराठी वाक्य आजबद्दलही चालतं आणि कालच्या बैठकीबद्दलही. काळ संदर्भावरून कळतो. इंग्रजीला एवढ्यावर भागत नाही. आजबद्दल असेल तर ‘आय विश ही वर हिअर’, कालबद्दल असेल तर ‘आय विश ही हॅड बीन हिअर यस्टरडे’. म्हणून मराठी वाक्य थेट इंग्रजीत नेऊ नका. आधी वस्तुस्थिती साध्या इंग्रजीत लिहा, होकाराचा नकार किंवा नकाराचा होकार करा आणि क्रियापद एक पायरी मागे न्या.

‘आय डोन्ट हॅव अ कार’ ही वस्तुस्थिती. उलटली की ‘आय विश आय हॅड अ कार’. ‘आय कान्ट स्विम’चं ‘आय विश आय कुड स्विम’. ‘आय हॅव टू गो’चं ‘आय विश आय डिडन्ट हॅव टू गो’. वस्तुस्थितीच भूतकाळातली असेल, तर मागची पायरी म्हणजे ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप : ‘आय डिडन्ट स्टडी’चं ‘आय विश आय हॅड स्टडीड’. ‘आय डिडन्ट हॅव टाइम’ उलटताना ‘आय विश आय हॅड हॅड टाइम’ असे दोन ‘हॅड’ लागोपाठ येतात. ते बरोबर आहे, त्यातला एक खोडू नका. खोडलात तर वाक्य आजच्या वेळेबद्दल होतं.

‘वुड’ जपून वापरा. कुणी काही करावं किंवा काही घडावं, पण ते होत नाही म्हणून जीव वैतागलाय, तिथे ते येतं : ‘आय विश इट वुड स्टॉप रेनिंग’. मराठीत हा वैताग ‘एकदाचा’ या शब्दातून येतो, ‘पाऊस एकदाचा थांबला तर बरं!’ स्वतःबद्दल ‘आय विश आय वुड’ सहसा म्हणत नाहीत, कारण आपलं वागणं आपल्या हातात असतं. तिथे ‘कुड’ घ्या. असणं, माहीत असणं अशा स्थितीच्या क्रियापदांनाही ‘वुड’ शोभत नाही. ‘आय विश यू वुड नो’ नको, ‘आय विश यू न्यू’ हवं. आणि साहेबांना ‘आय विश यू वुड सेंड मी द फाइल’ असं तर लिहूच नका. तुम्हाला ती विनंती वाटेल, त्यांना ‘किती वेळा सांगायचं?’ असा सूर ऐकू येईल. ‘कुड यू प्लीज सेंड मी द फाइल’ हे सरळ आणि सभ्य आहे.

शक्य असलेल्या गोष्टीला ‘होप’ लागतं. ‘तू पास होशील अशी आशा आहे’ याचं ‘आय विश यू विल पास’ होत नाही, ‘आय होप यू पास’ होतं. शुभेच्छा देताना मात्र ‘विश’नंतर नाम चालतं : ‘आय विश यू सक्सेस’. ‘मला डॉक्टर व्हायचंय’ला साधं ‘आय वॉन्ट टू बी अ डॉक्टर’ म्हणा. ‘आय विश टू’ व्याकरणाने बरोबर असलं तरी ती अर्जातली भाषा आहे.

‘वॉज’ की ‘वर’? बोलताना ‘आय विश आय वॉज टॉलर’ सर्रास ऐकू येतं आणि त्यात वावगं काही नाही. परीक्षेत आणि औपचारिक लेखनात सगळ्या कर्त्यांना ‘वर’ लिहा.

‘विश’ स्वतः भूतकाळात गेलं तरी पुढचं क्रियापद आणखी मागे ढकलू नका. त्या वेळी त्याच्याकडे गाडी नव्हती आणि त्याला त्याच वेळी ती हवी होती, तर ‘ही विश्ड ही हॅड अ कार’ एवढंच पुरे. ‘ही विश्ड ही हॅड हॅड अ कार’ लिहिलंत तर अर्थ होतो, गाडी त्याच्याही आधी कधीतरी असायला हवी होती.