बोट ठेवून सांगा

(चित्र कसं पाहावं याविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं देणारे सिंधुदुर्गातल्या शाळांमधून चित्रकला शिकवून निवृत्त झालेले शिक्षक आहेत.)

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची सहल दिवाळीनंतर म्हैसूरला गेली होती. जगनमोहन राजवाड्यातल्या चित्रसंग्रहात हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र पाहिलं. बाकीची मंडळी पुढे गेली, मी तिथेच उभी राहिले. एक सहकारी म्हणाला, "रविवर्म्याचं आहे, चांगलं असणारच." परतताना बसमध्ये कुणी विचारलं, "एवढं काय होतं त्यात?" तर मला 'छान होतं' याच्या पुढे एक शब्द सुचला नाही. चित्राबद्दल बोलायचं तर सुरुवात कुठून करायची? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आधी तुमच्या सहकाऱ्याचा हिशेब मिटवू. ते चित्र रविवर्म्याचं नाही. रविवर्मा १९०६ साली गेले आणि हे चित्र १९४५-४६च्या सुमाराचं आहे. काढलं सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी, आणि हळदणकरांचा जन्म सावंतवाडीचा, १८८२चा. म्हणजे शेजारच्या गावच्या माणसाचं चित्र बघायला तुम्ही म्हैसूरपर्यंत गेलात! 'ग्लो ऑफ होप' या नावानं ते ओळखलं जातं. दिवा घेऊन समोर उभी राहिली ती त्यांची स्वतःची मुलगी. आणि आणखी एक, ते जलरंगातलं आहे. पाहणाऱ्यांपैकी निम्मे जण तैलचित्र समजूनच घरी जातात. हे शेवटचं लक्षात असू द्या, त्याच्याकडे परत यायचंय.

शाळेत मी मुलांना एकच अट घालायचो. चित्राबद्दल वाट्टेल ते बोला, पण बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. कुणी म्हणालं, "सर, चित्रात माया आहे," की मी म्हणायचो, "कुठे? ठेव बोट." पोरगं गडबडायचं, लाजायचं आणि पुन्हा चित्राकडे बघायला लागायचं. मला तेवढंच हवं असायचं.

तर ठेवा बोट. चित्रातली सगळ्यात उजळ जागा कुठली? सगळ्यात काळोखी कुठली? या दोघींच्या मधे उजेड किती पायऱ्यांनी उतरत जातो? एका हातात दिवा, दुसऱ्या तळव्याचा त्याला आडोसा, खोलीत दुसरा उजेड नाही. त्यामुळे जे काही दिसतं ते त्या एका वातीच्या कृपेनं. चेहरा दिव्याजवळ म्हणून उजळ. अंग जसजसं ज्योतीपासून लांब जातं तसतसं मावळत जातं. बाईच्या चेहऱ्यावरचा भाव वगैरे आपण नंतर बोलू. आधी हा उतार बघा.

मग बोटांवर या. त्या आडोशाच्या बोटांवर मी गेल्या जूनपर्यंत नीट विचार केला नव्हता हे कबूल करतो. आमच्याकडे पावसाचा पहिला वारा सुटला की लाईट जाते. गेल्या वर्षी चार दिवस गेली. तिसऱ्या रात्री बायको देवाकडचं निरांजन घेऊन माजघरातून पडवीवर येत होती, विझू नये म्हणून तळवा आडवा धरून. मी म्हटलं, "थांब जरा तशीच." बोटांच्या फटींतून पिवळा उजेड. बोटांच्या कडा मात्र पिवळ्या नाहीत, शेंदरी, जवळजवळ निखाऱ्यासारख्या, कारण तिथे उजेड नुसता अंगावर पडत नव्हता, कातडी-मांसातून आरपार येत होता. आणि बोट जिथे जाड, तिथे मधोमध काळसर पट्टा. मी वाकून बघत राहिलो. ती म्हणाली, "हातार त्याल सांडता, बेगीन आटपा." आत जाऊन मी विजेरीच्या उजेडात हळदणकरांची छापील प्रत काढली. बोटांतून झिरपणारा तो तांबडा उजेड तिथे होता. वीस वर्षं ती प्रत माझ्याकडे आहे.

आता जलरंगाची गोष्ट. तैलरंगात अंधार जास्त झाला तर वरून पिवळा-पांढरा चढवून उजेड परत आणता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. तिथे पांढरा म्हणजे कोरा कागद. सगळ्यात उजळ जागा ती, जिथे चित्रकारानं सगळ्यात कमी रंग लावला. म्हणजे दिव्याचा उजेड हा माणूस रंगवत बसलेला नाही. त्यानं तो पहिल्यापासून राखून ठेवला आणि भोवतीचा काळोख थरावर थर देत वाढवत नेला. एक थर सुकायच्या आत दुसरा दिला तर रंग पसरून डाग पडतो, आणि चेहऱ्यावर डाग पडला की कागद गेला. मी स्वतः असे किती कागद घालवलेत ते विचारू नका.

आणखी एक जागा सांगतो, मग सोडतो. कडा बघा. उजेडाच्या बाजूची कड चाकूनं कापल्यासारखी स्पष्ट आणि काळोखाच्या बाजूची विरघळलेली, अंग कुठे संपलं नि भिंत कुठे सुरू झाली ते कळू नये अशी. शिकाऊ माणूस सगळीकडे सारखी रेघ मारतो आणि मग बाई कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी दिसते.

एवढं बोललात तरी बसमधल्यांना पुरेल. फक्त फोनवरच्या फोटोवरून रंगाबद्दल छातीठोक बोलू नका. माझ्याकडे या चित्राच्या दोन प्रती आहेत. एकीत उजेड केशरी, दुसरीत लिंबाच्या सालीसारखा. तुम्ही मूळ कागद पाहून आलात, आठवून मला कळवा तो कसा होता.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणार आहे. क्लासच्या वहीत लिहून दिलंय : लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती, पिवळा म्हणजे आनंद. हे पाठ करून घ्यावं का? – एक पालक, रत्नागिरी

उत्तर : नको हो ताई. कुंकू लाल, सुकी मिरची लाल आणि रस्त्याच्या कामावरचं फडकंही लाल. यातलं रागाचं कोणतं? रंग एकटा असताना फार थोडं बोलतो. त्याच्या शेजारी कोण बसलंय त्यावर सगळं.

ही गोष्ट कारखान्यात सिद्ध झालेली आहे. पॅरिसच्या गोबलाँ गालिचा कारखान्यात शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ १८२४पासून रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो, रंग कच्चा आहे, अशा तक्रारी त्याच्याकडे आल्या. त्यानं तपासलं तर काळ्यात खोट नव्हती. काळा ज्या निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला होता, त्या शेजारामुळे तो मरत होता. पुढे १८३९ साली त्यानं यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

मला हे पॅरिसहून कळायच्या आधी आईकडून कळलं. आमच्याकडे गणपतीच्या मागची भिंत दरवर्षी नव्यानं रंगवतात. एका वर्षी मी मुंबईला चित्रकलेचं पहिलं वर्ष करून आलेलो, अंगात वारं. म्हटलं, या वर्षी भिंत मी करणार. पूर्ण भिंतीवर सूर्योदय काढला : तांबडा, नारिंगी, शेंदरी, काही राखून ठेवलं नाही. रात्री कंदिलाच्या उजेडात फार झकास वाटला. चतुर्थीला मूर्ती आणून पाटावर ठेवली. मूर्ती शेंदरी, सोवळं तांबडं. आई आरतीचं ताट घेऊन आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "गणपती खंय गेलो रे?" पाच दिवस येणारा प्रत्येक जण तेच विचारत होता. विचारत नव्हता तो हसत होता.

पुढच्या वर्षी काकांनी माझ्याकडे न बघता चुन्यात नीळ कालवली आणि भिंतीला मंद निळसर हात दिला, बस. तोच मूर्तिकार, तोच शेंदरी, पण गणपती भिंतीपासून हातभर पुढे येऊन बसल्यासारखा दिसला.

मुलीला एक काम द्या. एकाच राखाडी कागदाचे दोन सारखे चौकोन कापायला सांगा. एक काळ्या कागदावर चिकटवायचा, दुसरा पांढऱ्यावर. मग घरातल्यांना विचारायचं, यातला गडद कुठला? वहीत 'निळा म्हणजे शांती' लिहिण्यापेक्षा 'शेंदरीमागे निळसर आहे म्हणून आकृती पुढे येते' असं लिहिलं तर तपासणारा निदान चष्मा तरी पुसेल.

प्रश्न : पिंगुळीला चित्रकथी पाहिली. खरं सांगायचं तर निराशा झाली. सगळे चेहरे बाजूनं काढलेले, डोळे बटाट्याएवढे, छायाप्रकाश नाही, लांबचं-जवळचं नाही. हळदणकर-धुरंधर पाहणाऱ्यानं याला चित्रकला म्हणावं का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी राग आला. चौथ्या वेळी लक्षात आलं की तुमचं निरीक्षण अचूक आहे. चेहरे बाजूनं, डोळे मोठे, छाया नाही. तुम्ही बोट बरोबर ठेवलंत. फक्त 'नाही' म्हणून थांबलात. 'का नाही' हे विचारायचं राहिलं.

हे चित्र भिंतीवर टांगायला काढलेलंच नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीतली ठाकर मंडळी रामायण-महाभारतातल्या आख्यानांची चित्रं काढतात, एका आख्यानाची एक पोथी. सूत्रधार एकेक चित्र उभं धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीनं त्याची कथा गातो. चित्र संपलं की पुढचं. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. तेव्हा हे चालायचं देवळात, रात्री, दिव्याच्या उजेडात. आता कल्पना करा, तुम्ही सभामंडपात सातव्या ओळीत बसलाय. त्या उजेडात नाजूक छटा तुम्हाला काय दिसणार? दिसणार ती जाड बाह्यरेषा. सपाट, भरीव रंग. बाजूनं काढलेलं नाक, कारण माणसाचं नाक, कपाळ, हनुवटी यांची रेघ बाजूनंच सर्वांत पटकन ओळखू येते. आणि मोठा डोळा, कारण कोण कोणाकडे बघतंय हे मागच्या ओळीला कळलं नाही तर कथा अडली.

आमनेसामने दोन आकृती आणि मधे मोकळा कागद असं चित्र पुन्हा पाहा. तो कागद मागचं आकाश म्हणून सोडलेला नाही. गाणारा तिथे बोलतो. राम आणि रावण यांच्यामधली ती वीतभर रिकामी जागा सूत्रधाराच्या आवाजासाठी आहे, आणि तुम्ही चित्र पाहिलंत पण आवाज ऐकला नाहीत. जत्रेतल्या दशावताराचा नुसता मुकुट खुंटीवर बघून नाटक पडलं म्हणण्यासारखं झालं.

तेव्हा एकाच्या वजनमापानं दुसऱ्याला तोलू नये. हळदणकरांच्या कागदात तुम्ही छटा मोजा, पिंगुळीच्या पोथीत रेघ आणि नजर मोजा. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली याच कामासाठी पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच या कलेचं संग्रहालय केलंय. पुन्हा गेलात तर चित्रं नुसती बघू नका, एखादं आख्यान ऐकवा म्हणून विनंती करा. पावसाळा सोडून जा, म्हणजे हुडुकाचा आवाज कौलांवरच्या पावसात बुडणार नाही.

(मला चित्रकथीत न आवडणारी गोष्टही आहे, ती प्रामाणिकपणे सांगतो. हल्ली फ्रेममध्ये घालून विकायला काढलेल्या काही नव्या चित्रांत गुळगुळीत सावल्या भरलेल्या दिसतात. गिऱ्हाईक मागतं म्हणून असेल. पोट सगळ्यांनाच आहे. पण ती रेघ तिथे लंगडी पडते.)

प्रश्न : निवृत्तीनंतर समुद्राची चित्रं काढतो. सून म्हणते, सगळी एकसारखी दिसतात. – एक वाचक, देवगड

उत्तर : अहो, पाठवलेल्या सहाही फोटोंत क्षितिजाची रेघ बरोब्बर मधोमध आहे. अर्धं आभाळ, अर्धं पाणी, आणि दोघांत वाटणीचा बांध. सूनबाईंची तक्रार रास्त आहे.

क्षितिज नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. पुळणीवर बसून बघा, मग विजयदुर्गाच्या तटावर चढून बघा. तुम्ही वर गेलात की तेही तुमच्याबरोबर वर येतं आणि खाली पाण्याचा पसारा वाढतो. तेव्हा आधी ठरवा, आज सांगायचंय आभाळाचं की पाण्याचं. आभाळाचं असेल तर रेघ कागदावर खाली घ्या, तटावरून दिसणाऱ्या पाण्याचं असेल तर वर. मधोमध ठेवायचीच असेल तर एखाद्या वाराहीन संध्याकाळी ठेवा, सहापैकी एकदा.

आणि तिसऱ्या चित्रातली होडी क्षितिजाला टेकलेली आहे, तरी तिची दोरी न् दोरी दिसते. तेवढ्या लांबची होडी म्हणजे एक काळपट ठिपका. दोऱ्या पुसा.