जपानमधलं समुद्राकाठचं शिमोनादा स्टेशन नेमकं कसं आहे, आणि तिथे गाड्या मिळतात का?

गाड्या मिळतात, पण मोजक्याच. वेळापत्रक हातात असल्याशिवाय जाऊ नका, कारण एक चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ थांबावं लागतं.

शिमोनादा हे शिकोकू बेटावरच्या एहिमे प्रांतात, इयो शहराच्या हद्दीत आहे. मात्सुयामा शहराहून साधारण तासाभराचा प्रवास. योसान रेल्वेमार्गाची ही किनाऱ्याची शाखा, अजूनही विजेच्या तारांशिवायची, म्हणून इथे एक-दोन डब्यांची डिझेल गाडी धावते. एकच फलाट, एकच मार्ग. स्टेशनवर कर्मचारी नाही. गाडीत चढताना नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना मोटरमनशेजारच्या पेटीत भाडं टाकायचं.

स्टेशन सुरू झालं ९ जून १९३५ रोजी आणि काही महिने मार्ग इथेच संपत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रूळ पुढच्या इयो-नागाहामा स्टेशनपर्यंत गेले. १९८६ मध्ये आतल्या बाजूच्या उचिको गावावरून जवळचा मार्ग झाला आणि एक्सप्रेस गाड्या तिकडे वळल्या. माझ्या मते ही शांतता त्यामुळेच टिकली.

फलाटावर खांबांवर उभं छोटंसं छप्पर, त्याखाली बाक आणि समोर थेट इयो-नादा या समुद्राचं पाणी. स्वस्त रेल्वे पासाच्या जाहिरातीत हेच दृश्य झळकलं आणि लोक येऊ लागले. मधे आता किनाऱ्याचा रस्ता आहे, पण बाकावर बसलं की नजर सरळ समुद्रावरच जाते. शक्य असेल तर सूर्यास्ताची गाडी धरा. परतीची वेळ मात्र आधीच बघून ठेवा.