उन्हाळ्यात विसावणारी फळझाडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुळे सोलापूर परिसरात आमच्या घरामागे साधारण २० फूट रुंद आणि ४० फूट लांब मोकळी जागा आहे. वर दीड-दोन फूट काळी माती असून खाली मुरूम लागतो. आम्ही दोघेही नोकरी करतो, नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि मे महिन्यात मुलांना घेऊन गावी जावे लागते. सगळे ओळखीचे लोक डाळिंब लावा म्हणतात. फारशी निगा न राखता दरवर्षी फळ देतील अशी कोणती झाडे लावावीत?

उत्तर : डाळिंबाचा सल्ला आपल्याला मिळणे स्वाभाविक आहे, कारण राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच केगावला आहे आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तथापि, जिल्ह्यात एखादे पीक उत्तम येते म्हणून ते कमी कष्टाचे असते असे नाही. डाळिंबाला ताण देऊन, म्हणजे काही काळ पाणी तोडून, बहार धरावा लागतो, पावसाळी हवेत तेल्या हा तेलकट डागांचा रोग पसरतो, फळ पोखरणाऱ्या अळीवर लक्ष ठेवावे लागते आणि मर रोग लागला तर उभे झाड वाळून जाते. बागायतदार हे सारे करतो, कारण त्याचा प्रपंच त्यावर चालतो. आपल्या परिस्थितीत मात्र ते झाड पहिल्या दोन-तीन वर्षांतच नकोसे होईल.

आपल्याकडे झाड निवडताना ते पाणी किती मागते यापेक्षा ते कोणत्या महिन्यांत मागते हे आधी पाहावे. सोलापुरात मार्च ते मे हा टंचाईचा काळ असतो आणि पारा ४२ अंशांपलीकडे जातो. नेमक्या याच काळात जे झाड विश्रांती घेते, ते आपण गावी गेलात तरी तक्रार करणार नाही.

या कसोटीवर सीताफळ प्रथम येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पानगळ होते, वळवाच्या सरींनंतर नवी पालवी आणि फुले येतात, आणि कोरड्या उष्ण हवेत गळून जाणारी फुले पावसाळ्यातील दमट हवेत टिकून फळ धरतात. मुरमाड जमीन त्याला मानवते; काळ्या मातीत पाणी साचून राहिले तर मात्र मुळे कुजतात. म्हणून दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा, भरताना मातीत मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळावे व रोप थोड्या उंचवट्यावर लावावे. बार्शी तालुक्यातील गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांनी निवड पद्धतीने विकसित केलेला 'एनएमके-१ गोल्डन' हा वाण कमी बियांचा आणि टिकाऊ म्हणून आज सर्वत्र मागितला जातो. परंतु तो उशिरा तयार होत असल्याने पाऊस संपल्यानंतरही त्याला पाणी लागते, आणि त्यामुळे आपल्यासाठी जुना 'बाळानगर' अधिक सोयीचा आहे असे मला वाटते. दोन झाडांमध्ये १२ ते १५ फूट अंतर ठेवावे.

सीताफळाला त्रास होतो तो मुख्यतः पिठ्या ढेकूण या पांढऱ्या, रस शोषणाऱ्या किडीचा. त्यांना झाडावर पसरवण्यात मुंग्यांचा मोठा हात असतो, त्यामुळे खोडाभोवती चिकट पट्टी बांधून मुंग्यांची वाट बंद केली की अर्धे काम होते. आणखी एक सूचना घरात मुले असल्याने आवर्जून देतो : सीताफळाच्या बियांची पूड उवांवरील उपाय म्हणून डोक्याला लावण्याची जुनी पद्धत आहे, पण ती डोळ्यांत गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते, तो प्रयोग घरी करू नये.

दुसरे झाड बोराचे. एप्रिल-मेमध्ये छाटून टाकले की ते पावसापर्यंत जवळपास बोडके उभे राहते, नव्या फुटीवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलते आणि हिवाळ्यात फळ देते. छाटणी ही त्याची वर्षातील एकमेव मोठी चाकरी आहे. ती चुकवली तर फळे लहान होत जातात. गावरान बोरीवर 'उमराण' किंवा 'मेहरूण' या वाणाचा डोळा (फांदीवरील कळी) भरलेले कलम घ्यावे आणि डोळ्याच्या खालून येणारी फूट वेळोवेळी काढावी, नाहीतर काही वर्षांनी कलम मरून खालची गावरान बोरच उरते. किडकी, गळालेली बोरे झाडाखाली पडू देऊ नयेत, कारण फळमाशीची पुढची पिढी तिथूनच येते. बोरीला काटे असल्याने ती शेजाऱ्यांच्या भिंतीपासून दूर, मागच्या कोपऱ्यात लावलेली बरी.

आवळाही याच वळणाचा आहे. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, पण धरलेली बारीक फळे उन्हाळाभर जवळजवळ न वाढता थांबून राहतात आणि पाऊस पडल्यावरच भरू लागतात. मात्र एकट्या झाडाला फळे फार कमी लागतात. 'कृष्णा', 'कांचन', 'एनए-७' यांपैकी दोन वेगळे वाण जवळपास हवेत. आपल्या जागेत दोन मावणार नाहीत, तेव्हा एक आपण आणि एक शेजाऱ्यांनी लावावे.

पहिली दोन-तीन वर्षे मात्र वरील तिन्ही झाडांना उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागेल. खोडापासून हातभर अंतरावर सच्छिद्र मडके पुरून ते भरून ठेवावे व आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन करावे. गावी जाल तेव्हा आठवड्यातून एकदा मडके भरण्याचे काम शेजारी सहज करतील.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्याला आमचे घर आहे. बदाम, अक्रोड किंवा काजूचे झाड सोलापुरात लावता येईल का?

उत्तर : बदाम आणि अक्रोडाला फुलण्यापूर्वी अनेक आठवडे कडाक्याची थंडी लागते. ती काश्मीरमध्ये मिळते, आपल्याकडे नाही. रोप जगले तरी फळाची आशा ठेवू नये. काजूला कोकणातील जांभी, निचऱ्याची जमीन आणि दमट हवा हवी, आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत तो रमत नाही. रस्त्याकडेला दिसणाऱ्या देशी बदामाचा गर खाता येतो, पण झाड अवाढव्य होते आणि मूठभर गरासाठी दुपारभर दगड घेऊन बसावे लागते.

आपल्याला घरचा दाणाच हवा असेल तर भुईमूग लावा. शेंगाचटणीच्या गावात हे सांगायला नको, तरीही अंगणात भुईमूग फारसा कोणी लावत नाही. जून-जुलैमध्ये भुसभुशीत वाफ्यात किंवा फूटभर खोल क्रेटमध्ये 'टीएजी-२४'सारखा उपटा, म्हणजे न पसरता झुडपासारखा वाढणारा, वाण पेरावा. फुलांनंतर आऱ्या, म्हणजे टोकाला शेंग धरणारे देठ, जमिनीत शिरतात, म्हणून त्या वेळी माती मऊ असावी आणि थोडे जिप्सम द्यावे. त्यातील कॅल्शियममुळे शेंगा पोचट राहत नाहीत. आऱ्या सुटल्यावर खुरपणी करू नये. साधारण ११० दिवसांनी शेंगेच्या टरफलाची आतील बाजू काळपट दिसू लागली की उपटावे, कारण उशीर झाल्यास ओल्या मातीत दाणे तिथेच मोड धरतात.

प्रश्न : आमच्या बोअरचे पाणी मचूळ आहे. त्यावर लिंबू येईल का?

उत्तर : क्षार सहन करण्यात लिंबू फार कच्चे आहे; पानांच्या कडा करपतात आणि फांद्या शेंड्याकडून वाळत जातात. बोर आणि आवळा हे पाणी बऱ्यापैकी पचवतात. लिंबाचा आग्रहच असेल तर त्याला भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी द्यावे, पावसाचे पाणी आळ्यात मुरू द्यावे, आणि कपडे धुतलेले साबणाचे पाणी व शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे क्षारयुक्त पाणी त्या आळ्यात कधीही सोडू नये.