वाचक विचारतात : थेट प्रक्षेपण आणि अडणारं नेटवर्क

प्रश्न : वास्कोच्या भजनी सप्ताहाचं थेट प्रक्षेपण हा आमचा महाविद्यालयीन प्रकल्प आहे. टीसीपीवर (हरवलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, परत पाठवणारी पद्धत) चित्र गोठतं, यूडीपीवर (परत न पाठवणारी पद्धत) फाटतं. स्वतःचा प्रोटोकॉल (डेटा पाठवायचे नियम) लिहायचा तर हेडरमध्ये (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीत) काय हवं? हरवलेलं पॅकेट परत मागवावं का?
— एक विद्यार्थी, फर्मागुडी

उत्तर : टीसीपीत एक पॅकेट हरवलं की ते परत येईपर्यंत मागची सगळी अडून राहतात, म्हणून चित्र गोठतं. यूडीपीच घ्या, पण हेडर नव्याने रचू नका. थेट आवाज-चित्र पाठवण्यासाठीच्या आरटीपी या प्रोटोकॉलचं 12 बाइटचं हेडर (इंटरनेटचं मानक आरएफसी 3550, 2003) नेमकं याच कामासाठी आहे. त्यात अनुक्रमांक पॅकेटगणिक वाढतो, वेळेचा शिक्का मात्र फ्रेमगणिक. व्हिडिओचं घड्याळ 90,000 हर्ट्झचं असतं. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेमला शिक्का 3,600 ने पुढे जातो आणि एका फ्रेमच्या सगळ्या पॅकेटांवर तोच राहतो. विद्यार्थी हमखास इथेच गल्लत करतात.

पॅकेटमधला मजकूर 1,200 बाइटपर्यंतच ठेवा. 1,500 ओलांडलं की तुकडे पडतात आणि एक तुकडा गेला तरी अख्खं पॅकेट बाद होतं. 60,000 बाइटची की-फ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) म्हणजे 50 पॅकेटं. ती एका दमात सोडली तर वाटेतल्या राउटरची रांग भरून शेवटची पॅकेटं गळतात. 40 मिलिसेकंदांत पसरून, दर 0.8 मिलिसेकंदाला एक सोडा. तुमचं चित्र फाटण्याचं कारण बहुधा हेच असावं, आधी ते तपासा.

परत मागवायचं की नाही, ते वेळेवर ठरवा. पाहणाऱ्याकडे 200 मिलिसेकंदांचा साठा असेल आणि जाऊन-येऊन 80 लागत असतील, तर मागवा. पॅकेट दाखवायच्या वेळेपर्यंत पोहोचणार नसेल तर मागवणं म्हणजे लाइनवर फुकटचा भार. अशा वेळी दर 10 पॅकेटांचं एक्सॉर (बिटागणिक तुलना) काढून ते अकरावं पॅकेट म्हणून पाठवा. दहातलं एक गेलं तर त्यावरून भरून निघतं. वायरलेसवर मात्र लागोपाठची दोन-तीन जातात, म्हणून गट सलग पॅकेटांचे न करता दर तिसरं पॅकेट एका गटात येईल असे विखुरलेले करा.

आवाजाचा प्रवाह वेगळा ठेवा आणि आधी पाठवा. चित्र क्षणभर अडलं तर चालतं, पण अभंगाची ओळ तुटली तर ऐकणाऱ्याचा विरस होतो.

चाचणीसाठी लिनक्सवर नेटेम (नेटवर्कमधला विलंब आणि गळती मुद्दाम घडवणारं साधन) वापरा: 80 मिलिसेकंद विलंब, 2 टक्के गळती. विलंबात चढउतार घातला की नेटेम पॅकेटांचा क्रमही बदलतो. तो दोष तुमच्या कोडचा समजू नका.

प्रश्न : फायबर आहे, अपलोड 20 एमबीपीएस. तरी फोटो चढवायला लागलं की व्हिडिओ कॉल अडखळतो. प्लॅन वाढवू का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी हे करून पाहा. फोटो चढत असताना पिंग (पॅकेटला जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) चालवा. एरवी 15 मिलिसेकंद येणारा आकडा 300-400 वर गेला तर दोष रांगेचा आहे. मोडेममध्ये 1 एमबीची रांग साचली तर 20 एमबीपीएसवर ती उपसायला 0.4 सेकंद लागतो. संभाषणाला एका बाजूचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत हवा. राउटरमध्ये एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर त्यातली केक किंवा एफक्यू-कोडेल ही पद्धत निवडा आणि अपलोड 18 वर बांधा. पूर्ण 20 लिहिलंत तर रांग पुन्हा मोडेममध्येच साचेल आणि राउटरला तिथे काहीच करता येणार नाही.