क्राउडस्ट्राइकची वाटचाल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातले लाखो संगणक एकाच दिवशी ठप्प झाले, तेव्हा क्राउडस्ट्राइक हे नाव पुष्कळांनी पहिल्यांदा ऐकले. त्यानंतर या अमेरिकी सायबरसुरक्षा कंपनीविषयी वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. कोणी तिच्या जन्माविषयी विचारतात, कोणी तिच्या शेअरविषयी, तर कोणी त्या दिवशी नेमके काय बिघडले याविषयी. त्यांतले काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : क्राउडस्ट्राइकचे सहसंस्थापक जॉर्ज कुर्ट्झ हे मॅकॅफीसारख्या नामांकित अँटिव्हायरस कंपनीत मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते. एवढे पद सोडून त्यांनी नवी कंपनी का काढली?

कंपनी काढणे हे कुर्ट्झ यांना नवे नव्हते. १९९९ मध्ये त्यांनी फाउंडस्टोन ही सुरक्षा कंपनी सुरू केली होती आणि २००४ मध्ये मॅकॅफीने ती ८ कोटी ६० लाख डॉलरना विकत घेतली. कुर्ट्झ मॅकॅफीत आले ते असे. विमानप्रवासातला एक प्रसंग त्यांनी अनेकदा सांगितला आहे. शेजारच्या प्रवाशाने लॅपटॉप उघडला आणि मॅकॅफीचे सॉफ्टवेअर सुरू होईपर्यंत तो बिचारा पंधरा मिनिटे नुसता बसून राहिला. आपल्याच कंपनीचे उत्पादन ग्राहकाला असे ताटकळत ठेवते हे डोळ्यांसमोर पाहणे मोठ्या अधिकाऱ्याला सोपे नसते.

माझ्या मते खरे कारण मात्र याहून खोल होते. जानेवारी २०१० मध्ये गूगलने आपल्यावर चीनमधून मोठा हल्ला झाल्याचे जाहीर केले. त्या हल्ल्याचा अभ्यास करून त्याला ‘ऑपरेशन ऑरोरा’ हे नाव देणारे दमित्री अल्पेरोविच तेव्हा मॅकॅफीतच होते. अशा हल्ल्यात वापरलेली फाइल त्या एका सावजासाठीच घडवलेली असते, त्यामुळे जुन्या व्हायरसांच्या यादीत ती सापडणे शक्यच नसते. शत्रू फाइल नसून फाइलमागचा माणूस आहे, ही जाण या दोघांना एकत्र आणणारी ठरली. २०११ मध्ये कुर्ट्झ, अल्पेरोविच आणि आर्थिक बाजू सांभाळणारे ग्रेग मार्स्टन यांनी क्राउडस्ट्राइकची स्थापना केली. वॉरबर्ग पिंकस या गुंतवणूक संस्थेने सुरुवातीचे अडीच कोटी डॉलर दिले. २०१२ मध्ये एफबीआयमधून निवृत्त झालेले शॉन हेन्री कंपनीत आले आणि हल्ला झालेल्या संस्थांकडे जाऊन तपास करणारा विभाग त्यांच्याकडे सोपवण्यात आला. ‘फाल्कन’ हे मुख्य उत्पादन बाजारात आले ते जून २०१३ मध्ये.

प्रश्न : आमच्या कार्यालयात वर्षानुवर्षे अँटिव्हायरस आहे. फाल्कन त्याहून वेगळे काय करते?

जुना अँटिव्हायरस हा फरारी आरोपींच्या छायाचित्रांची वही घेऊन दारात बसलेल्या पहारेकऱ्यासारखा असतो. येणाऱ्या प्रत्येक फाइलचा चेहरा तो वहीतल्या चेहऱ्यांशी ताडून पाहतो. वही जसजशी जाड होत जाते तसतसा संगणक मंद होत जातो आणि ज्याचे छायाचित्र वहीत नाही तो बिनदिक्कत आत शिरतो.

फाल्कनचा भर चेहऱ्यापेक्षा वागणुकीवर आहे. समजा, हिशेब विभागातल्या कर्मचाऱ्याने ईमेलमधून आलेली एक्सेलची फाइल उघडली. थोड्याच वेळात एक्सेलने पॉवरशेल, म्हणजे संगणकाला लेखी आदेश देण्याचे साधन, सुरू केले. पॉवरशेलने सांकेतिक स्वरूपातला एक लांबलचक आदेश चालवला, बाहेरच्या अनोळखी सर्व्हरशी संपर्क साधला आणि मग विंडोज जिथे पासवर्डसंबंधीची माहिती ठेवते तो स्मृतीचा भाग वाचण्याचा प्रयत्न केला. एक्सेल विश्वासाचे आहे आणि पॉवरशेल तर विंडोजसोबतच येते, त्यामुळे यांतले कोणतेही पाऊल एकेकटे पाहिले तर त्यावर बोट ठेवता येत नाही. पण ही पावले या क्रमाने पडली की ती चोराचीच असतात. ग्राहकाच्या संगणकावर फाल्कनचा एक छोटा सेन्सर बसवलेला असतो आणि तो या हालचालींची नोंद क्लाउडकडे, म्हणजे इंटरनेटवरून जोडलेल्या कंपनीच्या सर्व्हरकडे, पाठवत राहतो. तेथे ‘थ्रेट ग्राफ’ नावाच्या प्रचंड माहितीसाठ्यात त्या एकमेकींशी जोडून पाहिल्या जातात. २०१९ च्या सुमारास अशा नोंदींची संख्या आठवड्याला एक लाख कोटींच्या पुढे गेली होती.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी की एका ग्राहकाकडे दिसलेली नवी चाल लगेच सर्व ग्राहकांसाठी ओळखीची होते. घुसखोरी एका मिनिटात ओळखावी, दहा मिनिटांत तिचा तपास करावा आणि साठ मिनिटांत तिला आवर घालावा, असा ‘१-१०-६०’ नियम कंपनीने ग्राहकांपुढे ठेवला. हल्लेखोर एका संगणकावरून दुसऱ्यावर जाण्याआधीच त्याला गाठायचे असेल तर वेगाला पर्याय नाही. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवावा, कारण पुढे तो वेगळ्या रूपात पुन्हा येणार आहे.

प्रश्न : त्यांच्या अहवालांत अस्वल, पांडा असे प्राणी का असतात?

हल्लेखोर गटांना ओळखण्यासाठी कंपनीने ही पद्धत ठरवली आहे. रशियाशी निगडित गट ते अस्वल, चीनशी निगडित गट ते पांडा आणि इराणचे ते मांजरीचे पिल्लू. भारताशी जोडल्या जाणाऱ्या गटांना वाघाचे नाव मिळते. पैशासाठी गुन्हे करणाऱ्या टोळ्यांना कोळी म्हटले जाते. नावे मजेशीर वाटली तरी त्यांचा उपयोग गंभीर आहे. हल्ला कोणाचा हे कळले की त्याचा पुढचा डाव कोणता असेल याचा अंदाज बांधता येतो.

प्रश्न : २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या प्रकरणात या कंपनीचे नाव कसे आले? ती युक्रेनची कंपनी आहे असेही वाचले होते. ते खरे आहे का?

ते खरे नाही. कंपनी अमेरिकी आहे. तिचे मुख्यालय आधी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल येथे होते, आता ते टेक्सासमधल्या ऑस्टिन येथे आहे. सहसंस्थापक अल्पेरोविच यांचा जन्म मॉस्कोचा आहे, पण तेही अमेरिकी नागरिक आहेत. युक्रेनशी कंपनीचा संबंध असल्याची समजूत जगभर पसरली ती जुलै २०१९ मधल्या ट्रम्प आणि झेलेन्स्की यांच्या दूरध्वनी संभाषणामुळे, कारण त्यात क्राउडस्ट्राइकचा उल्लेख होता.

मूळ प्रकरण असे होते. २०१६ च्या वसंतात डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीने आपल्या यंत्रणेत कोणी शिरले आहे का हे पाहण्यासाठी क्राउडस्ट्राइकला बोलावले. तेथे रशियाशी निगडित दोन गट आढळले, ‘कोझी बेअर’ आणि ‘फॅन्सी बेअर’. पहिला गट आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून आत होता. जून २०१६ मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला आणि त्यावर मोठा वाद पेटला. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या विशेष अभियोक्त्यांनी रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याच्या बारा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केले, तेव्हा त्या निष्कर्षाला मोठे बळ मिळाले.

मात्र कंपनीचे सर्वच निष्कर्ष टिकले असे नाही. युक्रेनच्या तोफखान्यासाठी बनवलेल्या एका मोबाइल ॲपमध्ये रशियन हॅकरांनी छेडछाड केली आणि त्यामुळे एका प्रकारच्या ८० टक्क्यांहून अधिक तोफा नष्ट झाल्या, असा अहवाल कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता. ज्या लंडनच्या संरक्षण अभ्यास संस्थेच्या आकड्यांवर तो बेतला होता तिनेच त्याला हरकत घेतली, आणि मार्च २०१७ मध्ये कंपनीला तो आकडा १५ ते २० टक्क्यांवर आणावा लागला. संगणकातला पुरावा वाचण्यात हातखंडा असलेले लोक रणांगणावरची हानी मोजताना चुकू शकतात, आणि ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांची अशी चूक अधिक महाग पडते.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. शेअर बाजारात येताना ही कंपनी तोट्यात होती. तरीही गुंतवणूकदारांनी तिला इतका प्रतिसाद का दिला?

आकड्यांपासून सुरुवात करू. कंपनीचे आर्थिक वर्ष जानेवारीअखेर संपते. जानेवारी २०१७ अखेरच्या वर्षात तिचा महसूल ५ कोटी २७ लाख डॉलर होता, तर जानेवारी २०१९ अखेरच्या वर्षात तो जवळपास २५ कोटी झाला. म्हणजे दोन वर्षांत तो पावणेपाच पट झाला. त्याच वर्षी निव्वळ तोटा सुमारे १४ कोटी होता. १२ जून २०१९ रोजी ३४ डॉलर दराने आलेला शेअर पहिल्याच दिवशी ५८ डॉलरवर बंद झाला. या विक्रीतून ६१ कोटी २० लाख डॉलर उभे राहिले.

गुंतवणूकदारांची नजर तोट्यामागच्या रचनेवर होती. ग्राहक प्रत्येक संगणकामागे ठरावीक मुदतीची वर्गणी भरतो. ग्राहक मिळवण्याचा खर्च आज होतो, पण त्याच्याकडून येणारा पैसा वर्षानुवर्षे येत राहतो. म्हणून कंपनी जितक्या वेगाने वाढते तितका सुरुवातीचा तोटा मोठा दिसतो. दुसरी गोष्ट अशी की सेन्सर एकदा बसला की नवी सेवा देण्यासाठी संगणकावर वेगळे काही बसवावे लागत नाही. वापरकर्त्यांच्या ओळखीची (लॉगिनची) सुरक्षा, क्लाउडची सुरक्षा, नोंदींचे विश्लेषण अशी एकेक सेवा त्याच सेन्सरवर सुरू करता येते. २०२० मध्ये ९ कोटी ६० लाख डॉलरना घेतलेली, ओळखीच्या सुरक्षेतली प्रीएम्प्ट आणि २०२१ मध्ये सुमारे ४० कोटी डॉलरना घेतलेली, नोंदींच्या विश्लेषणातली ह्युमिओ या दोन्ही कंपन्या याच धोरणात बसतात.

जानेवारी २०२४ अखेरच्या वर्षात महसूल ३०६ कोटी डॉलरवर पोहोचला आणि कंपनीला पहिल्यांदाच पूर्ण वर्षाचा नफा झाला, सुमारे ९ कोटींचा. २४ जून २०२४ रोजी तिचा समावेश अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० या शेअर निर्देशांकात झाला. त्यानंतर बरोबर पंचविसाव्या दिवशी तो अपघात घडला.

प्रश्न : १९ जुलैला नेमके काय बिघडले? आम्ही तर सावधगिरी म्हणून सेन्सरची एक आवृत्ती मागेच ठेवली होती, तरी आमचे संगणक बंद पडले.

तुमची सावधगिरी योग्य होती. ती उपयोगी का पडली नाही, हाच या घटनेचा गाभा आहे.

फाल्कनकडे दोन प्रकारचे अपडेट येतात. सेन्सरची नवी आवृत्ती हा पहिला प्रकार, आणि त्यात एक-दोन आवृत्त्या मागे राहण्याची मुभा ग्राहकाला होती. दुसरा प्रकार म्हणजे नव्या हल्ल्यांच्या खुणा ओळखण्यासाठी झटपट पाठवलेली माहिती. ती तेव्हा सर्वांना एकदमच जात असे आणि ती थांबवण्याची सोय ग्राहकाच्या हाती नव्हती. १९ जुलैची फाइल या दुसऱ्या प्रकारातली होती.

आता तिच्यातली चूक जवळून पाहू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेन्सरमध्ये नियमांचा एक नवा साचा आला. साच्याच्या व्याख्येत २१ रकाने होते, पण नियम तपासणाऱ्या भागाला प्रत्यक्षात २० रकान्यांचीच माहिती पुरवली जात होती. पुढचे काही महिने ही तफावत कोणाच्या लक्षात आली नाही, कारण २१ व्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असे आणि तो रकाना वाचण्याची वेळच येत नसे. १९ जुलैच्या नियमात त्या रकान्यात पहिल्यांदाच नेमके मूल्य ताडून पाहायचे होते. नियम पाठवण्यापूर्वी तपासणाऱ्या प्रोग्रामनेही २१ मूल्ये मिळणार असेच गृहीत धरले होते, त्यामुळे त्याने हिरवा कंदील दिला. सेन्सर एकविसावे मूल्य शोधायला गेला आणि ते तेथे नसल्यामुळे त्याने स्मृतीच्या आपल्या हद्दीबाहेर वाचले. साध्या प्रोग्रामकडून असे घडले असते तर तो प्रोग्राम तेवढा बंद पडला असता. सेन्सर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात चालतो, आणि तेथे अशी चूक झाली की विंडोज स्वतःच थांबते. त्या दिवशी संगणकांवर विंडोजचा बिघाड दाखवणारा निळा पडदा दिसला तो यामुळे. मॅक आणि लिनक्सच्या संगणकांना यातून काही झाले नाही.

फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी गेली आणि ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक कोसळले होते. दुरुस्त फाइल पाठवूनही बहुतेकांना तिचा उपयोग झाला नाही, कारण जो संगणक सुरूच होत नाही तो नवी फाइल घेणार कशी? तंत्रज्ञांना एकेका संगणकापाशी जाऊन तो सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक भागांसह, सुरू करावा लागला, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधले क्राउडस्ट्राइकचे फोल्डर उघडावे लागले आणि ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल हाताने पुसावी लागली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. अमेरिकेत डेल्टा या एकाच विमान कंपनीची सुमारे सात हजार उड्डाणे रद्द झाली आणि तिने पुढे क्राउडस्ट्राइकविरुद्ध दावा लावला.

कोड लिहिताना चूक होते, ती कोणाकडूनही होते. पण कर्नलमध्ये वाचली जाणारी फाइल आधी थोड्या संगणकांवर पाठवून पाहायची आणि मगच सर्वांना द्यायची, ही जुनी शिस्त येथे पाळली गेली नाही, आणि याला मी कंपनीचा खरा दोष मानतो. ज्या वेगाच्या बळावर कंपनी वाढली त्याच वेगाने बिघाडही घरोघरी पोहोचला. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीची मूळ फाइलच व्हायरस ठरवली होती आणि असंख्य संगणक बंद पाडले होते. त्या वेळी मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी कुर्ट्झच होते. इतका थेट अनुभव गाठीशी असताना ही शिस्त पहिल्या दिवसापासून असायला हवी होती. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने सविस्तर कारणमीमांसा प्रसिद्ध केली. मर्यादेची तपासणी, टप्प्याटप्प्याने वितरण आणि ग्राहकाला नियंत्रण हे बदल तिने सांगितले. तो अहवाल मोकळेपणाने लिहिलेला आहे, हेही नोंदवायला हवे.

प्रश्न : मग ग्राहक सोडून गेले का? आणि आमच्यासारख्या मध्यम संस्थेने सुरक्षा पुरवठादार निवडताना काय विचारावे?

फारसे गेले नाहीत. जानेवारी २०२५ अखेरच्या वर्षातही कंपनीने आपले ग्राहक टिकवण्याचे प्रमाण ९७ टक्के सांगितले. हजारो संगणकांवरचा सेन्सर बदलणे खर्चिक असते, आणि घुसखोरी ओळखण्यात फाल्कन कमी पडले म्हणून हा अपघात झाला नव्हता, हेही ग्राहकांना कळत होते.

पुरवठादार कोणताही असो, त्याचे कोणते अपडेट आपल्याला थांबवता येतात आणि कोणते येत नाहीत हे लेखी मागून घ्यावे. प्रत्येक प्रकारचे अपडेट किती टप्प्यांत जाते आणि दोन टप्प्यांमध्ये किती वेळ असतो, हेही विचारावे. त्याच्या सॉफ्टवेअरचा कोणता भाग कर्नलमध्ये चालतो याची माहिती घ्यावी. नोव्हेंबर २०२४ पासून मायक्रोसॉफ्टनेही सुरक्षा कंपन्यांना कर्नलबाहेर काम करता यावे यासाठी पावले उचलली आहेत, त्यामुळे हा प्रश्न पुढेही विचारत राहावा लागेल.

आणि एक काम पुरवठादाराची वाट न पाहता याच आठवड्यात करता येईल. १९ जुलैला पुष्कळ ठिकाणी डिस्क बिटलॉकरने, म्हणजे डिस्कवरची माहिती सांकेतिक करणाऱ्या विंडोजच्या सोयीने, कुलूपबंद होत्या. सेफ मोडमध्ये जाण्यासाठी ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक हवा होता, आणि काही संस्थांत ते क्रमांक ज्या सर्व्हरवर साठवले होते तोही निळा पडदा दाखवत होता. आपल्या संस्थेतले हे क्रमांक कोठे आहेत ते पाहावे आणि त्यांची एक प्रत त्या यंत्रणेबाहेर, कुलपात ठेवावी.